नव्या एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप जुन्यावर चढवायचाय?

आधीच सांगतो, एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) २०१९ वर घेतलेला बॅकअप २०१६ च्या आवृत्तीवर रिस्टोअर होत नाही म्हणजे नाहीच. एरर ३१६९ येणार. बरेच जण सुचवतात की कंपॅटिबिलिटी लेव्हल १३० (म्हणजे २०१६ ची) करून परत बॅकअप घे, त्यानं काडीचाही फरक पडत नाही, कारण ती लेव्हल फक्त क्वेरी कशा चालतात ते ठरवते, डेटाबेस फाईलचा आतला व्हर्जन नंबर वेगळाच असतो (२०१६ चा ८५२, २०१९ चा ९०४) आणि तो खाली आणता येत नाही. डेटाबेस सर्व्हरपासून डिटॅच करून त्याची एमडीएफ (मूळ डेटा फाईल) जुन्याला जोडायला गेलात तरी तेच रडगाणं.

म्हणून कुणी बॅकअप फाईल पाठवली की पहिल्यांदा त्यावर 'रिस्टोअर हेडरओन्ली' ही कमांड (ती फक्त फाईलची माहिती दाखवते) चालवा आणि 'सॉफ्टवेअर व्हर्जन मेजर' हा कॉलम बघा. १३ म्हणजे २०१६, १४ म्हणजे २०१७, १५ म्हणजे २०१९, १६ म्हणजे २०२२. तुमच्या सर्व्हरचा आकडा यापेक्षा लहान असेल तर तिथेच थांबा.

मग करायचं काय, तर स्क्रिप्ट, म्हणजे डेटाबेस नव्यानं उभारणाऱ्या कमांडची फाईल. जुना सर्व्हर अपग्रेड करता येत असेल तर सरळ तेच करा, खूप डोकेदुखी वाचते. नसेल तर नवा सर्व्हर जिथे चालू आहे तिथे मॅनेजमेंट स्टुडिओत (सर्व्हर हाताळायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) डेटाबेसवर राईट क्लिक, टास्क्स, जनरेट स्क्रिप्ट्स. हातात नुसती फाईलच असेल तर आपल्या मशीनवर डेव्हलपर एडिशन टाका, टेस्टिंगसाठी फुकट आहे, त्यावर रिस्टोअर करून तिथून स्क्रिप्ट काढा.

खरी गंमत ॲडव्हान्स्ड बटणात आहे. तिथे सर्व्हर व्हर्जन २०१६ निवडा आणि 'टाइप्स ऑफ डेटा टू स्क्रिप्ट' हे 'स्कीमा अँड डेटा' करा, नाहीतर मूळ सेटिंग फक्त स्कीमाचं (टेबलांच्या रचनेचं) असतं आणि सगळी टेबलं रिकामी येतात. इंडेक्स आणि ट्रिगर ट्रू आहेत ना तेही बघून घ्या. फाईल युनिकोडमध्येच सेव्ह करा बरं का, एएनएसआय निवडलं तर ग्राहकांची मराठी नावं सरळ '????' होतात आणि एकदा झाली की त्या फाईलमधून परत मिळत नाहीत.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला क्रिएट डेटाबेसमध्ये जुन्या मशीनचा पाथ असतो, तो बदला. फाईल मोठी असेल तर स्टुडिओत उघडायच्या भानगडीत पडू नका, एसक्यूएलसीएमडी या कमांड लाईन टूलनं चालवा. डेटा काही जीबी असेल तर इन्सर्टची स्क्रिप्ट रडतरखडत चालते, तेव्हा स्क्रिप्टनं फक्त स्कीमा न्या आणि डेटा बीसीपीनं (डेटा घाऊक कॉपी करायचं टूल). प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्ये साठवलेला कोड) स्ट्रिंग_ॲग किंवा ट्रिम ही फंक्शन्स वापरली असतील तर तिथे अडणार, कारण ही दोन्ही २०१७ मध्ये आली, ते कोड हातानंच बदलावे लागतात.

जुन्याचा बॅकअप नव्यावर मात्र आरामात जातो. फाईलचे पाथ वेगळे असतील तर रिस्टोअर कमांडला 'विथ मूव्ह' लावा. कंपॅटिबिलिटी लेव्हल बहुतेक वेळा जुनीच राहते, लगेच वाढवू नका, आधी रिपोर्ट नीट चालतात का बघा. आणि लॉगिन होत नसेल तर घाबरू नका, युजर अनाथ झालेला असतो, म्हणजे डेटाबेसमधल्या युजरला सर्व्हरवरचं लॉगिन सापडत नाही, नव्या सर्व्हरवर लॉगिन बनवून 'ऑल्टर युजर … विथ लॉगिन' दिलं की जोडला जातो.