दीर्घकालीन शुश्रूषा विमा : तरुणपणी करावयाचे नियोजन

आरोग्यविमा उपचाराचा खर्च देतो, शुश्रूषेचा नव्हे. पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडले, की आरोग्यविम्याचे काम बहुतांशी संपते. पण त्याला अंघोळ घालणे, कपडे चढवणे, पलंगावरून खुर्चीत बसवणे, घास भरवणे यांसाठी जे माणूस लागते त्याचा खर्च तेथूनच सुरू होतो आणि तो किती वर्षे चालेल हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. हा खर्च उचलण्यासाठी दीर्घकालीन शुश्रूषा विमा असतो.

अशी गरज बहुधा उतारवयातच पडते, हे आधीच मान्य केलेले बरे. अपघातात मणक्याला झालेली इजा किंवा मज्जासंस्थेचा एखादा आजार तरुणालाही परावलंबी करू शकतो. तरीही तिशीतल्या माणसाच्या बाबतीत पहिला फटका त्याच्या कमाईला बसतो. म्हणून क्रम असा असावा : आधी पुरेसा आरोग्यविमा, मग अपंगत्व आल्यास उत्पन्नाची भरपाई करणारा विमा, हाताशी काही महिन्यांच्या खर्चाची शिल्लक, आणि त्यानंतर शुश्रूषा विमा. पहिल्या दोन गोष्टी नसताना हा विमा गळ्यात मारणाऱ्या एजंटाला नम्रपणे नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खासगी पॉलिसी पाहण्यापूर्वी, आपण जेथे राहतो त्या देशाची सार्वजनिक योजना आहे का, हे तपासावे. जर्मनीत शुश्रूषा विमा १९९५ पासून सक्तीचा आहे. जपानमध्ये २००० पासून योजना आहे आणि तिचे हप्ते वयाच्या ४० व्या वर्षी सुरू होतात. मात्र ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत ठरावीक १६ आजारांमुळे आलेल्या परावलंबित्वालाच लाभ मिळतो, अपघाताला नाही. दक्षिण कोरियाने २००८ मध्ये अशी योजना आणली. सिंगापूरने २०२० पासून, १९८० किंवा त्यानंतर जन्मलेल्या नागरिकांना वयाच्या तिशीपासून सक्तीने सामावून घेतले. अशा योजना बहुधा खर्चाचा काही भागच उचलतात. तेव्हा उरलेली तूट किती, एवढाच प्रश्न खासगी विम्यापुढे ठेवावा.

लवकर विमा घेतला की हप्ता कमी बसतो, हे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण तो हप्ता अधिक वर्षे भरावा लागतो, हे सांगायचे राहून जाते. लवकर घेण्याचे खरे कारण वेगळे आहे. ज्या दिवशी मज्जासंस्थेच्या आजाराचे किंवा स्मृतिभ्रंशाचे निदान कागदावर येते, त्या दिवसापासून हा विमा बहुधा कोणत्याही हप्त्यात मिळत नाही. जनुकीय चाचणीचाही येथे संबंध येतो. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांबाबत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई केली, परंतु शुश्रूषा विमा त्या संरक्षणाबाहेर राहिला. त्यामुळे घराण्यात असा आजार असल्यास चाचणीपूर्वीच आपल्याकडचा नियम समजून घ्यावा. अर्जात जे विचारले असेल त्याचे उत्तर मात्र खरेच द्यावे, कारण लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी हमखास वर येते.

पॉलिसीतला सर्वांत बारकाईने वाचण्याचा भाग म्हणजे लाभ केव्हा सुरू होतो ती व्याख्या. अंघोळ, कपडे घालणे, खाणे, शौचालयाचा वापर, उठबस किंवा जागा बदलणे आणि मलमूत्रावरील नियंत्रण अशा सहा दैनंदिन क्रिया सामान्यतः धरल्या जातात. त्यांपैकी दोन किंवा तीन करता येत नसतील, अथवा गंभीर स्मृतिभ्रंश असेल, तर दावा पात्र ठरतो. आता ‘करता येत नाही’ म्हणजे काय? उजवा हात लुळा पडलेला माणूस डाव्या हाताने शर्टाच्या बाहीत हात घालतो, पण वरची दोन बटणे त्याला लावता येत नाहीत. दुसरा माणूस स्वतः अंघोळ करतो, पण तोल जाण्याच्या भीतीने दाराशी कोणीतरी उभे राहावे लागते. प्रत्यक्ष हात लावून केलेली मदतच मोजणाऱ्या पॉलिसीत हा दुसरा माणूस सक्षम ठरेल; नुसती देखरेख ग्राह्य धरणाऱ्या पॉलिसीत त्याची अंघोळ न जमणाऱ्या क्रियांत मोजली जाईल. हा फरक एका शब्दाचा असतो आणि माहितीपत्रकात तो सहसा आढळत नाही. त्यासाठी मूळ पॉलिसीचा मसुदाच मागवावा.

प्रतीक्षा कालावधीतही, म्हणजे दावा पात्र ठरल्यापासून लाभ सुरू होईपर्यंतच्या काळातही, असाच पेच असतो. ९० दिवस म्हणजे सलग ९० दिवस, की प्रत्यक्ष सेवा घेतलेले ९० दिवस? मदतनीस आठवड्यातून तीनच दिवस येत असेल, तर दुसऱ्या अर्थाने हे ९० दिवस भरायला ३० आठवडे लागतात, आणि तोपर्यंतचा सगळा खर्च आपल्याच खिशातून जातो.

तरुण विमाधारकाच्या दृष्टीने महागाईचे कलम हप्त्याहून महत्त्वाचे आहे. आज शुश्रूषेवर दिवसाला १०० खर्च होत असतील आणि तो खर्च दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत गेला, तर ४० वर्षांनी तो सुमारे ३२६ होतो. ५ टक्क्यांनी वाढला, तर सुमारे ७०४. लाभ १०० वरच गोठवलेली पॉलिसी तेव्हा पहिल्या उदाहरणात तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी आणि दुसऱ्यात सातव्या हिश्शाएवढाच खर्च देईल. वाढ सरळ आहे की चक्रवाढ, हेही विचारावे : ३ टक्के सरळ वाढीने १०० चे ४० वर्षांत केवळ २२० होतात. चक्रवाढीचा हप्ता परवडत नसेल, तर पुढे नव्याने वैद्यकीय तपासणी न करता लाभ वाढवण्याचा हक्क देणारी लहान पॉलिसी घ्यावी.

हप्ता कायम राहील, असे गृहीत धरू नये. अमेरिकेत जुन्या पॉलिसी विकताना कंपन्यांनी असा अंदाज बांधला होता, की बरेच ग्राहक मध्येच पॉलिसी सोडतील आणि गुंतवणुकीवर चांगले व्याज मिळेल. ग्राहक टिकून राहिले, व्याजदर उतरले आणि हप्ते वारंवार, कित्येकदा जबर, वाढवले गेले. म्हणून आजचा हप्ता दीडपट झाला तरी तो भरता येईल का, हे आधी पाहावे. उत्तर नकारार्थी असेल, तर लाभाची रक्कम किंवा लाभाची वर्षे कमी करावीत. जीवनविम्याला जोडलेल्या शुश्रूषा रायडरमध्ये (मूळ पॉलिसीला जोडून घेतलेल्या पूरक लाभामध्ये) हप्ता बहुधा निश्चित असतो आणि शुश्रूषेची वेळ आलीच नाही तर वारसाला रक्कम मिळते. मात्र शुश्रूषेवर घेतलेली रक्कम मृत्युलाभातून वजा होते, त्यामुळे एकाच पैशावर दोन आशा ठेवू नयेत.

सही करण्यापूर्वी आणखी काही गोष्टी लेखी विचाराव्यात : दावा सुरू असताना हप्ता माफ होतो का, हप्ते थांबवल्यास घटलेला का होईना, काही लाभ शिल्लक राहतो का, आणि परदेशी स्थायिक झाल्यास तेथील शुश्रूषेचे पैसे मिळतात का. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला माणूस नेमका हप्ता भरायलाच विसरतो. त्यामुळे हप्ता चुकल्याची सूचना आपल्याबरोबर आणखी एका विश्वासू व्यक्तीला जाईल अशी नोंद करून घ्यावी, पॉलिसीची प्रत तिच्याकडे द्यावी, आणि पत्ता किंवा नाते बदलले की ती नोंदही बदलावी.