आकडा नंतर, आधी कागद: कोकणातून प्रसारणाच्या कामाला लागताना पहिल्या पगाराचा हिशेब कसा करावा

रेडिओ किंवा दूरचित्रवाणीच्या कामाला नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना घरातली मोठी माणसे पहिला प्रश्न विचारतात तो "पगार किती?" हा. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे खरे उत्तर एका आकड्यात मावत नाही. रत्नागिरीत आम्ही तिघे जवळपास एकाच सुमारास या कामाला लागलो. मी आकाशवाणीवर कॅज्युअल, म्हणजे ड्यूटीगणिक बोलावला जाणारा, उद्घोषक होतो, दुसरा स्थानिक केबल वाहिनीवर निवेदन आणि संकलन अशी दोन्ही कामे करीत असे, आणि तिसरा मुंबईच्या एका वृत्तवाहिनीचा स्ट्रिंगर, म्हणजे पगाराऐवजी बातमीगणिक पैसे मिळणारा वार्ताहर, होता. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर बसून आम्ही हिशेब जुळवायचो, तेव्हा महिनाअखेर सर्वांत कमी पैसे उरत ते स्ट्रिंगर मित्राच्या हातात. गावात ओळख मात्र त्याचीच सर्वांत जास्त होती, कारण वाहिनीचा बूम, म्हणजे नाव लिहिलेला माइक, त्याच्याकडे असे.

तिघांच्या कामात तसा मोठा फरक नव्हता. फरक होता तो कोणत्या कागदावर आम्हाला कामाला घेतले गेले यात. म्हणून नोकरीची विचारणा आली की रकमेआधी एवढेच विचारावे: मला नियुक्तिपत्र मिळणार, ठरावीक मुदतीचा करार मिळणार, रिटेनरशिपचे (कर्मचारी न करता दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे) पत्र मिळणार, की प्रत्येक कामागणिक व्हाउचर, म्हणजे पैसे दिल्याची पावती? या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे असे समजावे.

या क्षेत्रात सर्वांना लागू पडणारे एकच वेतनमान का नाही, हे आधी समजून घेतले तर पुढचा गोंधळ कमी होतो. श्रमिक पत्रकारांसाठीचा 1955 चा कायदा वृत्तपत्रांसाठी होता, त्यामुळे वृत्तपत्रांतले वेतन ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या ज्या शिफारशी केंद्र सरकारने 2011 मध्ये अधिसूचित केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये उचलून धरल्या, त्यांचा लाभ रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या माणसांपर्यंत पोहोचलाच नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा समावेश आहे, प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आहे, आणि ठरावीक मुदतीच्या करारावरील माणसाला वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या रकमेचा, हक्क आहे. तुमच्या हातातला कागद तुम्हाला कर्मचारी मानत असेल, तरच हे हक्क सहजी पदरात पडतात, आणि हे मी मुद्दाम सांगतो.

आता आकाशवाणीचे पाहू, कारण कोकणातल्या पुष्कळ जणांची सुरुवात रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरीच्या केंद्रापासून होते. तेथे एकाच इमारतीत तीन प्रकारची माणसे काम करतात. नियमित पदावरच्या माणसाला केंद्रीय वेतनश्रेणी मिळते. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात सहाव्या स्तराचे सुरुवातीचे मूळ वेतन 35,400 रुपये आहे. त्यावर मुंबईत 30 टक्के दराने घरभाडे भत्ता 10,620 रुपये होतो, तर रत्नागिरीत 10 टक्क्यांनी तो 3,540 रुपयेच भरतो. म्हणजे पद तेच, काम तेच, आणि केवळ गावामुळे महिन्याला 7,080 रुपयांचा फरक पडतो. मुंबईतले भाडे पाहता हा फरक मला अन्यायाचा वाटत नाही, उलट स्वतःचे घर रत्नागिरीत असणाऱ्याला तो फायद्याचाच पडतो. दुसरी माणसे ठरावीक मुदतीच्या करारावर असतात आणि त्यांना एकत्रित मानधन मिळते, म्हणून जाहिरातीत दिलेल्या रकमेवर पुन्हा महागाई भत्ता मिळेल अशा भ्रमात राहू नये.

तिसरे म्हणजे आमच्यासारखे कॅज्युअल. लेखी चाचणी, आवाजाची चाचणी आणि मुलाखत यांतून निवड होते, प्रशिक्षण होते, आणि मग नाव यादीत लागते. घरचे पेढे वाटतात. परंतु ही यादी म्हणजे नोकरी नव्हे, हे त्याच दिवशी घरच्यांना समजावून सांगावे. महिन्याला साधारण सहा ड्यूट्यांपलीकडे काम मिळत नाही, आणि पैसे ड्यूटीगणिक मिळतात. म्हणून ड्यूटीच्या रकमेला तीसने गुणून महिन्याचा पगार काढू नये, सहाने गुणावे, आणि एखाद्या महिन्यात चारच मिळतील असे धरून खर्च आखावा.

ड्यूटीचे खरे तास किती, हा हिशेबही स्वतःच करावा लागतो. सकाळच्या सभेची, म्हणजे प्रसारणाच्या सत्राची, ड्यूटी असली की संकेतधून वाजण्याच्या बऱ्याच आधी स्टुडिओत पोहोचून क्यू शीट (कार्यक्रमांच्या क्रमाचा कागद) पाहावी लागते, ध्वनिमुद्रणे क्रमाने लावून घ्यावी लागतात, आणि फेडर (आवाज सुरू करण्याची पट्टी) वर करण्याआधी घसा मोकळा झालेला असावा लागतो. माझ्या गावाहून येणारी पहिली एसटी सात वाजता शहरात पोहोचत असे, तेव्हा सभा सुरू होऊन बराच वेळ झालेला असायचा. म्हणून मी आदल्या रात्री शेवटच्या गाडीने येऊन मावशीकडे मुक्काम करीत असे. मावशीने कधी पैसे घेतले नाहीत, पण ज्याची मावशी शहरात नाही त्याने त्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च ड्यूटीच्या रकमेतून वजा करावा. सहा तासांची वाटणारी ड्यूटी अशी प्रत्यक्षात सोळा तासांची होते.

स्ट्रिंगरचे गणित याहून निसरडे आहे. त्याला पैसे स्टोरीगणिक मिळतात, म्हणून पहिल्याच दिवशी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: पैसे पाठवलेल्या स्टोरीचे मिळणार की प्रसारित झालेल्या, बातमी केवळ पडद्यावरच्या खालच्या पट्टीवर चालली तर ती धरली जाणार की नाही, आणि फोनो (फोनवरून दिलेली बातमी) व लाइव्ह (घटनास्थळावरून थेट प्रक्षेपण) यांची मोजणी कशी होणार. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा माझ्या मित्राने कमरेएवढ्या पाण्याच्या कडेला उभे राहून सकाळपासून रात्रीपर्यंत अकरा वेळा लाइव्ह दिले. महिनाअखेरीच्या हिशेबात वाहिनीने ते सगळे एकाच घटनेत जमा करून एकच स्टोरी धरली. भांडायला त्याच्याकडे कागद नव्हता, फक्त कॉलची यादी होती.

प्रवासाचा खर्च तर किलोमीटरनेच मोजावा. समजा, स्टोरीला पाचशे रुपये ठरले आहेत. रत्नागिरीहून चिपळूणला दुचाकीने जाऊन येण्यास सुमारे 180 किलोमीटर पडतात. गाडी लिटरला 45 किलोमीटर देत असेल तर चार लिटर पेट्रोल लागते, आणि लिटरला 105 रुपये धरले तरी 420 रुपये झाले. उरलेले ऐंशी रुपये आठ तासांवर वाटले तर तासाला दहा रुपये पडतात, आणि त्यात वडापाव धरलेला नाही. म्हणून जिल्हा मोठा असेल तर ठरावीक अंतरापलीकडे वेगळा प्रवासखर्च मागावा, तो मिळत नसेल तर आपले कार्यक्षेत्र दोन-तीन तालुक्यांपुरते मर्यादित करून घ्यावे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडे धावून जाण्याचा उत्साह पहिल्या वर्षी सर्वांनाच असतो. तो वाहिनीला फुकट मिळतो.

यात कॅमेऱ्याची झीजही मोजली पाहिजे. ही बाब मुंबईच्या डेस्कवर, म्हणजे कार्यालयात बातम्या तयार करायला, बसलेल्या माणसाला कधीच पटत नाही, कारण त्याने जुलै महिन्यात कोकणातली लेन्स उघडून पाहिलेली नसते. बाहेरून काच स्वच्छ दिसते, पण ती तिरपी धरून उजेडात पाहिली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरलेले दिसतात. ती बुरशी. आम्ही कपाटात एक पिवळा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवून त्याच्या उबेला कॅमेरा ठेवत असू. किनाऱ्यावर चित्रीकरण झाले की खाऱ्या वाऱ्याने सांधे आणि स्क्रू गंजतात, ते वेगळे. उपकरणे तुमची असतील तर त्यांच्या किमतीचा दरमहा काही हिस्सा बाजूला काढून मगच कमाई मोजावी, आणि बोलणी करताना "उपकरणे कोणाची व दुरुस्ती कोणाकडे" हा मुद्दा पत्रात लिहून घ्यावा. तेच फुटेज दुसऱ्या वाहिनीला देता येईल का, हेही त्याच पत्रात पाहावे. देता येणार नसेल, तर केवळ स्टोरीच्या दरावर समाधान न मानता दरमहा ठरावीक रक्कम मागणे योग्य ठरते.

रिटेनरशिपवर दरमहा ठरावीक रक्कम मिळते, म्हणून ती पगारासारखी भासते. परंतु त्यात भविष्य निर्वाह निधी नसतो, आणि कर आधीच कापला जातो. कंपनीने तुमचे काम व्यावसायिक सेवा मानले तर 10 टक्के कापतात, कंत्राटी काम मानले तर व्यक्तीसाठी 1 टक्का. प्रसारणाचे आणि कार्यक्रमनिर्मितीचे काम कंत्राटी कामाच्या व्याख्येत बसू शकते, म्हणून कोणत्या प्रकारात कापणार हे लेखा विभागाला आधीच विचारावे. दरमहा 15,000 रुपयांवर 10 टक्के कपात झाली तर वर्षाचे 18,000 रुपये अडकतात. एवढ्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात, पण ते भरण्याचा कंटाळा करून एका महिन्याहून अधिक कमाई सोडून देणारी मुले मी पाहिली आहेत.

मुंबईच्या वृत्तवाहिनीत डेस्कवर किंवा पीसीआरमध्ये (प्रसारण नियंत्रण कक्षात) नियमित जागा मिळाली, तर सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक बघावा. समजा, सीटीसी महिन्याला 20,000 आहे आणि त्यात मूळ वेतन 10,000 आहे. त्या वीस हजारांतच मालकाच्या वाट्याचा 12 टक्के भविष्य निर्वाह निधी, म्हणजे 1,200 रुपये, धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद आणि राज्य कामगार विम्याचा मालकाचा 3.25 टक्के वाटाही त्यातच असतो. मग तुमच्या वाट्याचे 1,200 रुपये, विम्याचे 0.75 टक्के आणि 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो. स्त्रियांना महाराष्ट्रात महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावर व्यवसाय कर नाही. शेवटी हातात सोळा ते साडेसोळा हजारांच्या आसपास येतात. खाटेचे भाडे आठ हजार आणि जेवणाचे साडेचार हजार धरले तर उरले साडेतीन-चार हजार, आणि त्यातून लोकलचा पास. घरी राहून रत्नागिरीत बारा हजार मिळवणारा आमचा केबलवाला मित्र पहिल्या वर्षी याच्या पुढे असतो. तरीही भविष्य निर्वाह निधीचे खाते, अनुभवाचे पत्र आणि दुसऱ्या वाहिनीत उडी मारण्याची सोय मुंबईतच मिळते, म्हणून दोन-तीन वर्षांचा विचार करणाऱ्याला मी तरी मुंबईचा सल्ला देईन.

सिंधुदुर्गातल्या मुलांना पणजी जवळ पडते आणि तेथे खासगी एफएम वाहिन्या आहेत. तेथे आवाजाला आणि कोकणी-हिंदी-इंग्रजीच्या सरमिसळीला भाव मिळतो, पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसल्याने वार्ताहराची जागा तेथे शोधू नये. सामुदायिक रेडिओ शंभर वॅटच्या मर्यादेतला आणि जाहिरातींवर बंधने असलेला, म्हणून तेथे मानधन तुटपुंजेच असते. शिकायला मात्र तो उत्तम.

स्थानिक केबलवर पगार जाहिरातींवर चालतो आणि जाहिराती हंगामावर. गणपतीच्या आधी सराफ आणि कापडवाले येतात, आंब्याच्या दिवसांत बागायतदार आणि वाहतूकवाले येतात, पण 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते तेव्हा बंदरांच्या बाजारपेठाच थंड असतात आणि पगार पुढे ढकलला जातो. म्हणून येथे वर्षाची सरासरी काढूनच बोलावे. जाहिरात आणून द्या, टक्केवारी घ्या, असे सांगितले जाईल. ती टक्केवारी पगाराच्या जागी नको, वेगळी हवी, असे मी स्पष्ट म्हणेन, कारण ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात तुम्ही आणली त्याच्याच रस्त्यावरच्या खड्ड्याची बातमी करताना कॅमेरा जड होतो.

गणपतीच्या सुट्टीबद्दलही बोलणी करावी. चाकरमान्यांची महामार्गावरची रांग ही आपल्याकडची दरवर्षीची मोठी बातमी, त्यामुळे त्या दिवसांत सुट्टी मिळणार नाहीच. मग त्या दिवसांचा जादा भत्ता किंवा बदली सुट्टी आधी ठरवून घ्यावी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हा विषय काढून उपयोग होत नाही.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. तारीख, स्टोरीचे नाव, पाठवल्याची वेळ, प्रसारित झाल्याची वेळ, गेलेले किलोमीटर आणि मिळालेले पैसे एवढे रकाने पुरतात. प्रसारणाच्या पडद्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा आणि दरमहा पाच तारखेच्या आत बिल ईमेलने पाठवावे. कर्मचारी असाल तर महिन्याचे वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत देणे कायद्याने बंधनकारक आहे. स्ट्रिंगरला मात्र ती वही दाखवूनच पैसे मागावे लागतात. चिपळूणच्या त्या पुरानंतर माझ्या मित्राने वही सुरू केली. पुढच्या पावसाळ्यात त्याच वाहिनीने त्याच्या चौदा स्टोऱ्यांच्या नऊ केल्या, तेव्हा त्याने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. दोन आठवड्यांनी उरलेल्या पाचांचे पैसे खात्यात जमा झाले.