मास्क लावायचा की नाही? ठरवताना होणाऱ्या या चुका टाळा

लिफ्टचं दार उघडतं. आत चौघं उभे. आपला मास्क खिशात आणि दोन्ही हातांत पिशव्या. ‘तीन मजल्यांचा तर प्रश्न आहे’ असं स्वतःला समजावत आपण आत शिरतो आणि उगाचच श्वास धरून ठेवतो. साथीच्या काळात मास्कचे बहुतेक निर्णय हे असेच होतात, दारात उभं राहून, दोन सेकंदांत. मग घरी आल्यावर चुटपुट लागते. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून झालेल्या आहेत, त्यामुळे कुठे उपदेशाचा सूर लागलाच तर त्यातला अर्धा माझ्या वाट्याचा समजा.

‘मास्कचा उपयोग होतो का?’ असं विचारणं

गाडी घसरते ती इथेच. कोणता मास्क, चेहऱ्यावर कसा बसलेला, कुठल्या जागेत, किती वेळ आणि आजूबाजूच्या किती जणांनी लावलेला, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. तरी वाद घालताना प्रत्येक जण आपल्या सोयीचा एक अभ्यास काढतो आणि समोरच्याच्या तोंडावर मारतो.

कोविडच्या काळातले दोन प्रयोग बघा. डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे ६,००० लोकांवर एक प्रयोग झाला. मास्क वापरायला सांगितलेल्या गटात १.८ टक्के लोकांना संसर्ग झाला, दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना. हा फरक इतका लहान की तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. झालं, ‘मास्क फोल’ म्हणायला एका बाजूला पुरावा मिळाला. पण या प्रयोगात फक्त लावणाऱ्याचं स्वतःचं रक्षण किती होतं एवढंच तपासलं होतं. त्याच्यापासून इतरांचं किती होतं, हे मोजलंच नव्हतं. शिवाय तिथे तेव्हा आजूबाजूचे बहुतेक लोक मास्कशिवायच वावरत होते.

बांगलादेशातला प्रयोग वेगळा होता. ६०० गावं, सुमारे ३,४०,००० प्रौढ. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, लोकांना समजावलं, आठवण करून दिली. मास्क नीट लावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. ज्या गावांत सर्जिकल मास्क दिले होते तिथे लक्षणं असलेले आणि तपासणीत सिद्ध झालेले संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटले, साठीच्या पुढच्या लोकांमध्ये तर ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा परिणाम मात्र तितका स्पष्ट दिसला नाही. आता ४२ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त लोक तेव्हाही विनामास्कच होते, हे लक्षात घ्या आणि मग ११ हा आकडा लहान की मोठा ते ठरवा.

२०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेचा आढावा आला तेव्हाही ‘मास्क निरुपयोगी’ असे मथळे झळकले. त्यानंतर संस्थेच्या मुख्य संपादकांना खुलासा करावा लागला की आढाव्याचा असा अर्थ लावणं चूक आहे. मास्क वापरण्याचा प्रचार केल्याने संसर्ग कमी होतो का, याचं पक्कं उत्तर उपलब्ध प्रयोगांतून निघत नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. लोकांना मास्क लावायला सांगणं आणि लोकांनी तो खरोखर लावणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात पथ्य सांभाळणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

माणसं मोजणं आणि हवा विसरणं

मोकळ्या रस्त्यावर एकटं चालताना नाकावर घट्ट मास्क आणि ऑफिसात पोचून मीटिंगच्या खोलीत बसलं की ‘हं, आता काढू या’. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यावर हसूही येत नाही. रस्त्यावर श्वास वाऱ्यावर विरून जातो. खिडक्या बंद असलेल्या खोलीत तोच श्वास तासभर सगळ्यांमध्ये फिरत राहतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची तालीम झाली. अडीच तास, ६१ माणसं, त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं. खबरदारी होती, हस्तांदोलनही टाळलं होतं. पुढच्या काही दिवसांत एकूण ५३ जणांचा आजार निश्चित किंवा संभाव्य कोविड म्हणून नोंदला गेला आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद जागा, लांबलेला वेळ आणि खच्चून गाणं, तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. जपानने लोकांना सांगण्यासाठी हेच सूत्र साधं करून दिलं: कोंदट जागा, गर्दी आणि जवळून बोलणं टाळा.

‘सहा फुटांचं अंतर ठेवलंय ना’ हे समाधानही इथेच अपुरं पडतं. थुंकीचे जड थेंब सहा फुटांच्या आत खाली पडतात. पण बोलताना निघणारे बारीक कण धुरासारखे तरंगत राहतात. मी वापरते ती युक्ती अशी: या खोलीतला प्रत्येक जण सिगारेट ओढतोय अशी कल्पना करायची. मला धुराचा वास येईल का? आणि किती वेळाने? बागेतल्या बाकावर जेमतेम येईल. बंद काचांच्या गाडीत पहिल्याच झुरक्याला येईल. रिकाम्या लिफ्टमध्येही येईल, कारण माणूस उतरून गेला तरी धूर आत रेंगाळतो. मास्कचा निर्णय यावरून निम्मा तरी होतो.

ज्यांना आकडाच हवा त्यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत ते साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, दाखवतं. खोलीत आकडा हजाराच्या वर चढत चालला तर दुसऱ्यांनी सोडलेला श्वास आपण बऱ्यापैकी आत घेतोय, असं समजायचं आणि मास्क लावण्याआधी उठून खिडकी उघडायची.

‘मला काही होत नाहीये, मग कशाला?’

कोविडमध्ये माणूस लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू शकत होता. काहींना तर लक्षणं दिसतच नव्हती. ‘आजारी वाटलं की लावीन’ हा नियम म्हणूनच कोसळला. आणि सर्दी-खोकला असताना मास्क लावून बाहेर पडणं हा तरी शहाणपणा कसला? तेव्हा घरी थांबायचं. थांबणं शक्यच नसेल तर मास्क लावायचा, त्यात वाद नको.

आपली प्रकृती ठणठणीत असेल, पण आपण कुणाला भेटायला चाललोय? केमोथेरपी चालू असलेली मावशी, नुकतंच जन्मलेलं बाळ, ऐंशीचे आजोबा. निर्णय घेताना मोजमाप त्या घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाचं धरायचं, आपलं नाही.

सल्ला बदलला म्हणून सगळंच खोटं ठरवणं

२०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की निरोगी माणसाने मास्क लावायची गरज नाही. ३ एप्रिलला सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने सार्वजनिक ठिकाणी कापडी मास्क वापरायला सांगितलं आणि ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनेही आपला सल्ला बदलला. लोक चिडले, आणि त्यांची चीड मला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. दवाखान्यांत मास्कचा तुटवडा होता हे कारण सरळ सांगायला हवं होतं. पण लक्षणं नसलेल्या माणसांकडूनही रोग पसरतोय हे मधल्या काळात जास्त स्पष्ट झालं होतं, आणि अशा वेळी जुन्याच सल्ल्याला चिकटून राहणं जास्त धोक्याचं ठरलं असतं. यातून घ्यायचं ते एवढंच: पुढे पाठवलेला संदेश वाचताना आधी तारीख बघा. तारीखच नसेल तर तो सल्ला कुठल्या लाटेतला आहे, हे कसं कळणार?

‘विषाणू तर जाळीतून डास जावा तसा जातो’

हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटतं. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कापडाची वीण त्याच्यापुढे भगदाडासारखी. पण विषाणू सुटा उडत नाही, तो थुंकीच्या कणात बसून येतो. शिवाय चांगला मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. आत अगदी बारीक तंतूंचं गुंतागुंतीचं जंगल असतं. मोठे कण वळणावर तंतूंना आदळतात. अगदी लहान कण हवेतल्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि तेही तंतूंना चिकटतात. अडवायला सगळ्यात कठीण जातात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. एन-९५ ची परीक्षा नेमकी याच आकारावर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत.

या तंतूंवर विद्युतभारही असतो, कण ओढून घ्यायला. म्हणून एन-९५ साबणाने धुणं किंवा त्यावर सॅनिटायझर फवारणं ही चूक महागात पडते. मास्क दिसायला स्वच्छ, पण त्यातली ओढ गेलेली. कापडी मास्क जरूर धुवा, एन-९५ नको. आणि पुढे झडप असलेला मास्क श्वास आत घेताना गाळतो, बाहेर सोडताना मात्र झडपेतून जाणारी हवा गाळली जात नाही. तुम्हीच बाधित असाल तर समोरच्याला त्याचा बिनझडपेच्या मास्कइतका फायदा नाही.

मास्क आहे, पण चेहऱ्यावर बसलेला नाही

चष्मा लावणाऱ्यांना एक आयतं यंत्र मिळालेलं असतं. काचांवर वाफ धरली की समजावं, नाकापाशी फट आहे आणि हवा गाळून न जाता तिथून पळतेय. यावर काच पुसत बसणं हा उपाय नाही. मास्कच्या वरच्या कडेतली तार बघा. बरेच जण ती दोन बोटांच्या चिमटीत दाबतात. मग तार मधोमध टोकदार वाकते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन बोगदे तयार होतात. त्याऐवजी दोन्ही हातांची बोटं नाकाच्या मधोमध ठेवून तार बाहेरच्या बाजूला, गालाच्या हाडापर्यंत चेपत न्यायची. मग जोरात श्वास सोडून कडेने तळहात फिरवायचा. जिथे गरम झुळूक लागेल तिथे फट.

सर्जिकल मास्कची रंगीत बाजू बाहेर आणि चुण्या खाली उतरत्या. गालापाशी तो फुगत असेल तर कानाच्या दोऱ्यांना मास्कच्या कडेलगत एकेक गाठ मारा आणि उरलेली घडी आत खोचा. नाहीतर वरून कापडी मास्क चढवा. सीडीसीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम खोकल्यावर हे तपासलं होतं. नुसत्या सर्जिकल मास्कने साधारण ५६ टक्के कण अडवले, नुसत्या कापडी मास्कने ५१, आणि एकावर एक घातल्यावर सुमारे ८५ टक्के. हा प्रयोग एका पुतळ्यावरचा, माणूस त्याच्यासारखा स्थिर बसत नाही. पण फट बुजवल्याने किती फरक पडतो, हे त्यातून दिसतं. दाट दाढी असेल तर घट्ट मास्कही केसांवर तरंगतो. मास्कऐवजी नुसती पारदर्शक ढाल लावणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं, ती खालून आणि कडेने सताड उघडी असते.

हे सगळं माहीत असूनही काय होतं ते सांगते. वडिलांना तपासणीसाठी घेऊन गेले होते. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात दोन तास माझा एन-९५ अगदी नेटका. इतक्यात भावाचा फोन आला. त्याला ऐकू जाईना, म्हणून मी मास्क हनुवटीवर ओढला आणि मोठ्याने बोलू लागले. वडिलांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. दोन तासांत सगळ्यात जास्त कण मी त्या तीन मिनिटांत उडवले असणार, तेही सगळ्यात आजारी माणसांच्या खोलीत. तेव्हापासून फोन आला की मी आधी दाराबाहेर जाते.

चारचौघांकडे बघून ठरवणं

‘कुणीच लावलेला नाही, मी एकटी वेडी दिसेन.’ ही भीड जुनी आहे. १९१०-११ मध्ये चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरांनी हा रोग हवेतून पसरतोय असं सांगून कापसाचे आणि गॉझचे मास्क वापरायला लावले. मेनी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी ते उडवून लावलं, मास्क न लावता रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच ते प्लेगने गेले. आज परिस्थिती तितकी टोकाची नसेल, पण इतरांनी न लावलेल्या खोलीतही नीट बसलेला एन-९५ लावणाऱ्याच्या कामी येतो. फक्त सगळेच लावतात तेव्हा तो जास्त कामी येतो. उलट बाजूही आहे: बागेत एकट्याने फिरणाऱ्या विनामास्क माणसावर डोळे वटारण्यात काही अर्थ नाही.

सगळ्यांना एकच माप

दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क नको. ज्याला तो स्वतःहून काढता येत नाही अशा कुणालाही नको. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑक्सिजन कमी पडतो ही भीती मात्र निरोगी माणसाने सोडावी. वायूचे रेणू तंतूंमधून सहज ये-जा करतात. गुदमरल्यासारखं वाटतं ते बहुधा उबेमुळे आणि ओलाव्यामुळे. दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर कोणता मास्क झेपेल ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

राहिला खिशातला मास्क. किल्ल्या, नाणी, वापरलेला रुमाल यांच्याबरोबर चुरगळलेला मास्क तार वाकवून बसतो, आणि ऐन दारात तो सरळ करण्यात वेळ जातो. कागदी पाकिटात ठेवा, ओला झाला असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. पाकिटात एक जादा मास्कही असू द्या. बरोबरच्याने आणलेला नसतोच.