सागवानी ओटा करून घेताना

आमच्या कोल्हापुरातल्या घरी स्वयंपाकघराचा ओटा काटकोनात वळलेला आहे. लांब बाजूला ग्रॅनाइट, तिथे शेगडी आणि सिंक. आखूड बाजूला साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड इंच जाड सागवानी टॉप. कणीक मळणं, भाजी चिरणं, सकाळी डबे भरणं हे सगळं त्याच्यावर चालतं. हा टॉप दुसरा आहे. पहिला वर्षही न काढता फुटला. दोन्ही सागवानाचे, दोन्ही एकाच जागी. फरक होता तो ऑर्डर देताना काय सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं एवढाच. ते राहू नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला टॉप मे महिन्यात बसला. मिस्त्रींनी खालच्या प्लायच्या कपाटांना तो सगळीकडून स्क्रूने आवळला, मागची कड भिंतीला भिडवली आणि फटीत पांढरं सिमेंट भरलं. पावसाळ्यात फुगणार नाही ना, असं मी विचारलं होतं. "सागवानाला काय होत नाही, वहिनी," असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. ऑगस्टमध्ये मुलीची फूटपट्टी आडवी ठेवून पाहिली, तर मधला भाग वर आलेला आणि दोन्ही टोकांना पट्टीखालून पेन्सिल आरपार जात होती. थंडी सरता सरता टॉप पुन्हा बसला, पण मधोमध दोन हात लांब चीर पडली. रुपयाचं नाणं त्यात उभं राहत होतं. चिरेत कणीक बसायची, ती सुईने उकरून काढावी लागायची, आणि काढली नाही की दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग.

हे का झालं ते नीट समजून घ्या, बाकीची सगळी ऑर्डर त्याच्यावरच बेतायची आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. घरातला जुना पोळपाट घ्या आणि दोरीने दोन्हीकडून मोजा, रेषांच्या दिशेने आणि रेषांना आडवं. कातताना तो गोल होता, आता किंचित लांबट असतो. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, तरीही दोन फूट रुंदीचा टॉप फाल्गुन आणि श्रावण यांच्यात एक सूतभर कमीजास्त होतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढी जागा दिली नाही, तर लाकूड पावसाळ्यात स्वतःलाच दाबून घेतं आणि सुकताना तो दाब चीर होऊन बाहेर पडतो. आमचं नेमकं तेच झालं.

सगळा ओटा लाकडाचा करू नका, हे माझं ठाम मत आहे. सिंकच्या कडेला लाकडाची टोकं सतत पाणी पितात आणि काळी पडतात. शेगडीपाशी धग आणि फोडणीचं तेल. सासूबाईंची काठवट पन्नास वर्षं टिकली, कारण भाकरी झाली की ती धुवून, पुसून, भिंतीला उभी केली जायची. पाणी लागलं तर चालतं, साचलेलं चालत नाही. म्हणून लाकूड कामाच्या कोरड्या बाजूला, ग्रॅनाइट ओल्या आणि गरम बाजूला. दोन्ही मिळतात त्या कोपऱ्यात पंचेचाळीस अंशाचा तिरका सांधा देऊ नका. दोन्ही बाजू लाकडाच्या असल्या तरी देऊ नका, कारण रुंदी बदलली की तो सांधा एका टोकाला उघडतोच. सरळ सांधा द्या आणि मध्ये बारीक फट ठेवून ती सिलिकॉनने भरा.

आता लाकूड. वखारीत जिथे जाल तिथे "सीपी माल आहे" असं ऐकू येईल. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, म्हणजेच बल्लारशा-आलापल्लीकडचं सागवान. त्याच रांगेत आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं लागवडीचं सागवानही असतं. ते वाईट नसतं, पण बरेचदा कमी वयाच्या झाडाचं असतं आणि त्यात बाहेरचा फिकट भाग जास्त निघतो. तो फिकट भाग, ज्याला आमचे मिस्त्री नुसतं "पांढरं" म्हणतात, कीड आधी पकडतो. फळीच्या मधल्या रंगावर जाऊ नका, टोकं पाहा. टोकाला वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसतात ती फळी, आडव्या रेषांच्या फळीच्या साधारण निम्मीच हलते. सगळा टॉप अशा फळ्यांचा परवडणार नाही, पण निवडायला मिळालं तर त्याच निवडा.

हिशोब घनफुटात होतो. लांबी फुटात गुणिले रुंदी फुटात गुणिले जाडी इंचात, भागिले बारा. दीड इंचाचा तयार टॉप हवा असेल तर कच्ची फळी दोन इंचांची घ्यावी लागते, रंध्याखाली अर्धा इंच जातो. माझ्या मापाला ते सव्वादोन घनफुटांच्या आत बसत होतं. त्यावर गाठी, चिरा आणि कटाईची घट धरून पहिल्या टॉपसाठी पावणेतीन घनफूट घेतलं. दर विचारताना हा घनफुटाचा की तयार टॉपच्या चौरस फुटाचा, हे आधी स्पष्ट करून घ्या. मला आलेल्या दोन दरपत्रकांमध्ये मोठी तफावत दिसत होती, ती या एकाच कारणाने.

दुसऱ्या टॉपसाठी मी नवं लाकूड घेतलं नाही. राजापूर तालुक्यातलं माझं आजोळचं घर उतरवायला काढलं होतं, त्यातली एक सागवानी तुळई मामाने दिली. अणुस्कुरा घाटातून ती टेम्पोने वर आणली. आणण्याआधी ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारलं. सागवान 1964 च्या महाराष्ट्रातल्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे आणि लाकडाच्या वाहतुकीलाही नियम आहेत. घराचं जुनं लाकूड असलं तरी आधी विचारणं सोपं, रस्त्यात टेम्पो अडल्यावर समजावणं अवघड.

जुन्या तुळईत खिळे असतात, काही डोक्याविना आत रुतलेले. करवत गिरणीवाला पातं तुटण्याच्या भीतीने कापायला नकार देतो. आम्ही लोहचुंबक दोरीला बांधून इंच इंच फिरवलं आणि अकरा खिळे काढले. खिळ्याभोवती लाकूड निळंकाळं पडलेलं असतं, तो भाग खालच्या अंगाला घ्या. जुना ऑइलपेंट असेल तर पॉलिश पेपरने घासू नका, त्यात शिसं असू शकतं. रंध्याने सोलून काढा आणि ते छिलके चुलीत जाळू नका.

जुनं म्हणजे सुकलेलं, असंही धरून चालू नका. आमच्या तुळईला बाहेरून ओलावा मोजायचं मीटर लावलं तर तेरा टक्के आले. कापून आतल्या अंगाला लावलं तर सतरा. छप्पर दोन पावसाळे गळत होतं. हे मीटर मिस्त्रींकडे नसेल तर स्वतः विकत घ्या, हातात मावेल एवढं असतं आणि दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा दाखवतं. आम्ही फळ्या कापून, मध्ये काड्या घालून, हवा खेळेल अशा रचून घरातच पाच आठवडे ठेवल्या. बारा टक्क्यांवर आल्यावर मगच चिकटवायला दिल्या. काम दिवाळीनंतर सुरू करा आणि माघ-फाल्गुनात संपवा. आषाढात चिकटवलेला टॉप उन्हाळ्यात सांधे दाखवतो.

माप टेपने घेऊन फोनवर सांगू नका. घराच्या भिंती गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसतात. आमच्याकडे ओट्याची रुंदी एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला मोजली तर चार सुतांचा फरक निघाला. जुन्या कपाटाच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून, भिंतीला लावून, कात्रीने कापत तंतोतंत नमुना केला, त्यावर भिंतीची बाजू आणि वरची बाजू लिहिली आणि तोच मिस्त्रींच्या हातात दिला. त्याच वेळी जिन्याचं वळणही मोजा. साडेसहा फुटांचा टॉप तीस किलोच्या आसपास भरतो, पण अडचण वजनाची नसते, वळणाची असते.

मग कागद. मी वहीच्या पानावर लिहून दोन प्रती केल्या आणि दोघांनी सही केली. त्यातला मजकूर जवळपास असा होता: पट्ट्या अडीच ते तीन इंच रुंद आणि अखंड लांबीच्या, मध्ये तुकडे जोडायचे नाहीत. पांढरं लाकूड वरच्या अंगाला चालणार नाही. चिकटवण्याच्या दिवशीच कडांवर ताजा रंधा मारायचा, थिनरने पुसायचं आणि पाण्यात टिकणारा मरीन गोंदच वापरायचा. भिंतीकडे दोन सूत फट सोडायची, तिच्यावर टाइल झाकून येईल पण टाइल टॉपला चिकटणार नाही. खालून स्क्रू मारताना कपाटाच्या पट्टीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करायची, समोरची रांग तेवढी पक्की. पुढची कड अर्ध्या सुताने गोल. कपाटाच्या पुढे टॉप एक इंच बाहेर, आणि त्या इंचाच्या खालून बारीक खाच, म्हणजे सांडलेलं पाणी दारावर न ओघळता तिथेच थेंबून पडेल. पॉलिश वर, खाली आणि चारही कडांना सारखंच. उरलेले तुकडे परत.

यातलं पॉलिशचं वाक्य सगळ्यात जास्त टाळलं जातं. खालची बाजू कोणाला दिसते, असं म्हणतात. पण वरून बंद आणि खालून उघडं लाकूड एकाच अंगाने ओलावा घेतं आणि वाकतं. बसवायच्या आदल्या दिवशी मी कारखान्यात गेले, टॉप उलटा करायला लावला आणि हात फिरवून पाहिला. "ताई, तुम्ही पहिल्याच आलात खालून बघायला," असं तिथला पोरगा म्हणाला. एक कोपरा कोरडा लागला, तो माझ्यासमोर पुन्हा केला.

पॉलिश कोणतं, यावर वाद घालणारे भेटतील. लाखेचं फ्रेंच पॉलिश देखणं दिसतं, पण गरम कुकर टेकला की पांढरा डाग पडतो, ते देवघराला ठेवा. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, थर मजबूत असतो आणि पाणी छान अडवतो. मात्र सुरीचा एक ओरखडा त्याच्या पार गेला की पाणी थराखाली शिरतं आणि दुरुस्तीसाठी सगळा टॉप घासावा लागतो. मी हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे तेल आणि मेणाचं मिश्रण, घेतलं. पातळ हात, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसणं, एक दिवस वाळवणं, असे तीन हात. चार तुकडे मी स्वतः घासून शिकले आणि आता जिथे झिजतं तेवढ्यापुरतं वर्षातून एकदा लावते. खाण्याचं तेल मात्र लावू नका, ते खवट होतं आणि चिकटतं.

आणि तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसासारखं वाळणारं तेल लागलेला बोळा आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतो. ते पाण्यात भिजवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा, मगच टाका. हे मिस्त्रींच्या मदतनिसालाही सांगा.

पैसे तीन हप्त्यांत दिले. लाकूड निवडल्यावर, सांधे जोडून झाल्यावर आणि बसवून झाल्यावर. मधला हप्ता देताना पॉलिशच्या आधीचा टॉप पाहायलाच हवा, कारण सांध्यात भुसा आणि गोंद भरून लपवलेली फट तेव्हाच दिसते. उजेडात आडवं बघा आणि प्रत्येक सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर थांबा.

टॉप बसून आता तिसरा पावसाळा गेला. मागची फट आषाढात निम्म्यावर येते आणि होळीपर्यंत परत उघडते, टाइलखाली असल्याने ती फक्त मला माहीत आहे. ओली लोखंडी कढई ठेवायची नाही, रात्रभर राहिली तर काळं वर्तुळ उमटतं. कुकर तिवईवर. चिरायला वेगळा पाट, तो उरलेल्या तुकड्यांतूनच करून घेतला. हळदीला मात्र इतकं घाबरू नका. पहिल्या आठवड्यात आंबेहळद सांडून हाताएवढा पिवळा डाग पडला, साबणाने गेला नाही. ओटा पूर्वेच्या खिडकीशी आहे. रोजचं सकाळचं ऊन पडत गेलं आणि डाग फिका होत होत महिन्याभरात दिसेनासा झाला.