जुन्या मेथडिस्ट पाद्र्यांचं सर्व्हिस रेकॉर्ड इंडेक्स करताना कसं वाचायचं

अमेरिकेतल्या मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) पाद्र्याचं जुनं कार्ड म्हणजे नेमणुकांची यादी, राहत्या पत्त्यांची नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा, बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

सगळ्यात आधी चर्च कुठलं ते बघा. १८४४-४५ला गुलामगिरीच्या वादातून मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च फुटलं, साउथवाले वेगळे झाले ते थेट १९३९ला परत एकत्र आले. मधल्या काळात होल्स्टन, केंटकी अशा नावाच्या कॉन्फरन्स (चर्चचे प्रादेशिक विभाग, त्यांच्या वार्षिक सभेत पाद्र्यांच्या नेमणुका ठरायच्या) दोन्हीकडे होत्या, त्यामुळे नुसतं "होल्स्टन" टाइप करून पुढे जाऊ नका.

मग शॉर्टफॉर्म. समजा लिहिलंय "ओ.टी. १८७१, एफ.सी. आणि डी. १८७३, ई. १८७५, लोक. १८८३". म्हणजे १८७१ला ऑन ट्रायल, उमेदवारीवर घेतला, दोन वर्षांनी फुल कनेक्शनमध्ये म्हणजे कॉन्फरन्सचा पक्का मेंबर आणि डीकन (पाद्रीपदाची पहिली पायरी), अजून दोन वर्षांनी एल्डर (पुढची पायरी). ही दोन-दोन वर्षांची चाल नेहमीची, म्हणून आकडा पुसट असला तर अंदाज येतो, पण अंदाज शेऱ्यात लिहा, वर्षाच्या रकान्यात नाही. आणि "लोक." म्हणजे "लोकेटेड" दिसलं की लोक गावाचं नाव शोधायला लागतात! अहो, त्याने फिरतीची नोकरी सोडली, एवढंच. "सुप." तर फारच वाईट, सुपरन्यूमररी म्हणजे काही काळ कामातून मोकळा, सुपरअॅन्युएटेड म्हणजे निवृत्त, आणि सप्लाय म्हणजे बदली माणूस, इंग्रजीत तिन्हीची सुरुवात सारखीच. खात्री नसेल तर आहे तसं उतरवा.

वर्षाचं पण बघा. कॉन्फरन्स ऑक्टोबरात भरली असेल तर १८७१ची नेमणूक १८७२च्या ऑक्टोबरपर्यंत चालते, म्हणजे १८७२च्या मे महिन्यात जन्मलेलं मूल १८७१च्या सर्किटवरचं, आणि सर्किट म्हणजे एक गाव नाही, घोड्यावरून फिरायची कितीतरी गावं.

एक चेक मला फार आवडतो, मुदतीचा. नॉर्थकडे, म्हणजे फुटीनंतर उरलेल्या मूळ चर्चमध्ये, एका जागी राहायची मर्यादा १८०४पासून दोन वर्षं, १८६४ला तीन, १८८८ला पाच, मग १९००ला काढून टाकली. तेव्हा १८७०च्या दशकात कुणी एकाच सर्किटवर सलग सहा वर्षं दिसला तर बहुतेक "डिट्टो"ची खूण चुकीच्या ओळीला लागलीय. कॉलेजात शिकवणारे वगैरे सोडून.

शेवटी कॉन्फरन्सच्या छापील मिनिट्सशी, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताशी, ताडून बघा, मेलेल्यांचे मृत्युलेख त्यातच असतात. मुंबईकडच्या मिशनऱ्यांसाठी १८७६ला सुरू झालेली साउथ इंडिया कॉन्फरन्स बघा. लोकल प्रीचर, म्हणजे फिरतीवर न जाता आपल्याच भागात प्रवचन देणारे, मात्र या नेमणुकांच्या यादीत सहसा सापडत नाहीत, त्यांच्यासाठी क्वार्टर्ली कॉन्फरन्सच्या, म्हणजे सर्किटच्या तिमाही सभेच्या, वह्या शोधाव्या लागतात.