बाजारपेठेच्या आधाराने साक्षरता व इंग्रजीचे वर्ग कसे चालवावेत : सांगली-मिरज परिसरातील कार्यकर्त्यांसाठी

सांगली, मिरज किंवा कुपवाड येथे प्रौढांसाठी साक्षरतेचा अथवा इंग्रजीचा वर्ग सुरू करायचे ठरले की बहुतेक मंडळी पहिल्या बैठकीतच पावतीपुस्तक छापायला टाकतात आणि पेठेत देणगी मागायला निघतात. हा क्रम उलटा आहे. असा वर्ग चालवायला फारसा पैसा लागत नाही. त्याला संध्याकाळी दोन तास मिळेल अशी उजेडाची जागा, शिकणाऱ्यांना कामातून वेळेवर सुटका आणि रोजच्या व्यवहारातले खरे कागद लागतात, आणि या तिन्ही गोष्टी कार्यकर्त्यांकडे नसून स्थानिक व्यापारी व कारखानदार यांच्या हातात असतात. पुढील सूचना त्या कशा मागाव्यात आणि मिळाल्यावर कशा वापराव्यात यासंबंधी आहेत.

मागण्यापूर्वीची तयारी

प्रथम शिकणारे कोण हे ठरवावे, कारण त्यावरून कोणाच्या दारात जायचे ते आपोआप ठरते. मार्केट यार्डातील हमाल, हळदीच्या पावडर मिलमध्ये आणि बेदाणा निवडण्याच्या कामावर असलेल्या स्त्रिया, कुपवाड व मिरज औद्योगिक वसाहतीतील यंत्रचालक, मिरजेच्या रुग्णालयांतील मावशी आणि वॉर्डबॉय, विटा-खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी परराज्यात जाऊ पाहणारे तरुण, या सर्वांच्या गरजा वेगळ्या आहेत. हमालाला पोत्यांचा हिशेब आणि बँकेचे पासबुक वाचता यायला हवे असते, तर यंत्रचालकाला मराठी उत्तम येत असूनही यंत्राच्या पडद्यावरची इंग्रजी सूचना अडवते. जत तालुक्याच्या पूर्व भागातून आलेल्या अनेक कुटुंबांची घरची भाषा कन्नड असते, हे लक्षात न घेता त्यांना ‘निरक्षर’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांतील काहींना कन्नड लिपी चांगली वाचता येते.

साक्षरता आणि इंग्रजी हे दोन्ही एकाच वर्गात कोंबू नयेत. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला आधी देवनागरीच शिकवावी. दोन लिप्या एकदम समोर आल्या की दोन्ही अर्धवट राहतात. याला एक अपवाद करावा, तो अंकांचा. मोबाइल, इलेक्ट्रॉनिक काटा आणि एटीएम या तिन्हींवर इंग्रजी अंक असतात, आणि तोंडी हिशेबात पक्क्या असलेल्या प्रौढांना ते अंक फार लवकर येतात. पहिल्या आठवड्यात मिळालेले हे यश माणसाला दुसऱ्या आठवड्यात वर्गाकडे आणते.

साक्षरतेच्या वर्गासाठी सरकारी चौकट उपलब्ध आहे, तिचा लाभ घ्यावा. ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी असून पंधरा वर्षांवरील निरक्षरांकरिता आहे. त्यात नोंदणी जवळच्या शाळेमार्फत होते, शिकवणारे विनामानधन स्वयंसेवक असतात आणि शेवटी वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची १५० गुणांची चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळते. जागा, दिवे, वह्या, चष्मे आणि चहा यांची सोय मात्र स्थानिक पातळीवरच करावी लागते, आणि पेठेचा आधार इथे उपयोगी पडतो.

कोणाकडे काय मागावे

ज्याच्याकडे जे सहज आहे तेच त्याच्याकडे मागावे. सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्था उभी करताना कर्मवीर भाऊराव पाटील यांनी घरोघरच्या मूठभर धान्यावर मुष्टिफंड चालवला. रोकड नसलेल्या घरातही मूठभर ज्वारी असते हे त्यांनी ओळखले होते. अडतदाराकडे पेढीच्या वरचा मजला असतो. छापखान्याकडे कटिंगचा कागद उरतो, त्याच्या पट्ट्यांपासून अक्षरपट्ट्या तयार होतात. झेरॉक्सवाल्याकडे दुपारची रिकामी वेळ असते, हॉटेलवाल्याकडे संध्याकाळचा चहा असतो. यांपैकी कोणालाही ‘पाच हजार द्या’ म्हटले तर तो विचार करून सांगतो म्हणेल, पण ‘मंगळवार-गुरुवारचा चहा तुमच्याकडून’ म्हटले तर बहुधा तिथल्या तिथे होकार येतो.

चष्म्याच्या दुकानदाराला मात्र यादीत सर्वांत वर ठेवावे. चाळिशी उलटलेल्या स्त्री-पुरुषांना जवळचे अक्षर दिसत नाही, आणि ‘आता या वयात डोक्यात शिरत नाही’ असे सांगून वर्ग सोडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची अडचण डोक्याची नसून डोळ्यांची असते. वर्ग सुरू होताच पहिल्याच आठवड्यात सर्वांची नजर तपासून घ्यावी आणि जवळचे वाचण्याचे साधे चष्मे दुकानदाराकडून खरेदीच्या भावात मिळवावेत. तपासणीत मोतीबिंदू किंवा अन्य काही आढळले तर त्या माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे, चष्म्यावर भागवू नये. एवढ्या कमी खर्चात वर्गातील गळती रोखणारा दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही.

जागा निवडताना कृष्णेला विसरू नये. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या पुरात सांगलीच्या सखल पेठांत पाणी शिरले होते. तळमजल्यावरची खोली कितीही सोयीची वाटली तरी पुस्तके, हजेरीपट आणि वह्या वरच्या मजल्यावरच ठेवाव्यात. स्त्रियांच्या वर्गासाठी जिना, दिवा आणि स्वच्छतागृह या तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात, मालकाच्या शब्दावर विसंबू नये.

कामाच्या वेळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘माणसांना अर्धा तास लवकर सोडा’ ही मागणी सर्वांना सारखी लागू पडत नाही. हमालाची मजुरी पोत्यांवर असते, म्हणून त्याला लवकर सोडणे म्हणजे त्याचे उत्पन्न कापणे होय. त्याचा वर्ग गाड्या भरून झाल्यावरच ठेवावा. रोजंदारीवरील स्त्रियांसाठी मात्र मजुरी न कापता मिळालेला अर्धा तास मोलाचा असतो, कारण कामावरून घरी पोहोचल्यावर चूल आणि मुले यांतून त्यांची पुन्हा सुटका होत नाही. कारखान्यात पाळ्या आठवड्यागणिक बदलतात, म्हणून एकच पाठ एका दिवशी दोनदा घ्यावा, पहिली पाळी सुटल्यावर एकदा आणि दुसरी पाळी सुरू होण्यापूर्वी एकदा. यासाठी शिक्षक दुप्पट लागतील असे नाही, त्याला फक्त दुपारी तिथे हजर राहावे लागेल.

हंगामाकडे पाहून वेळापत्रक करावे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हळदीची आवक जोरात असते आणि त्याच सुमारास नवा बेदाणाही बाजारात येतो, त्यामुळे त्या महिन्यांत यार्डात कोणालाही उसंत नसते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ‘उल्लास’ची चाचणी महाराष्ट्रात मार्चमधल्या रविवारी झाली, म्हणजे ऐन हंगामात. तेव्हा वर्ग जूनमध्ये सुरू करून मुख्य अभ्यास डिसेंबर-जानेवारीपर्यंत आटोपावा, आणि चाचणीच्या दिवशी भरपगारी सुट्टी देण्याचे मालकाकडून आधीच कबूल करून घ्यावे. दिवाळीच्या सुमारास येणी-देणी पुरी करण्यासाठी बेदाण्याचे सौदे काही दिवस बंद ठेवले जातात. त्या दिवसांत देणगीचा विषय काढू नये. सौदे चालू असताना तर पेढीवर पाऊलही ठेवू नये, दुपारनंतर जावे आणि शक्यतो दिवाणजीशी आधी बोलून ठेवावे. सौद्याच्या गडबडीत शेठजी ‘हो’ म्हणतील, पण पुढच्या आठवड्यात वर्गासाठी खोलीची किल्ली दिवाणजीच देणार असतात.

मागणीचे पत्र एका पानाचे असावे. त्यात मागणी एकच असावी, ती किती काळासाठी आहे ते लिहावे आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असावे. ‘समाजकार्यास हातभार लावावा’ असली वाक्ये वगळावीत. ‘जुलै ते सप्टेंबर, सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, पेढीवरील खोली, वीज आणि झाडलोट आमच्याकडे’ असे लिहिल्यास समोरच्याला नेमके काय द्यायचे आहे ते कळते. एका वर्षाऐवजी तीन महिने मागावेत, म्हणजे नकार द्यायचे कारण उरत नाही.

पैसा घ्यावा लागला तर

रोख वर्गणीशिवाय भागणार नसेल तर कायदा पाळूनच ती गोळा करावी. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना ही प्रक्रिया परिचयाची आहे. त्यापेक्षा एखाद्या जुन्या नोंदणीकृत वाचनालयाच्या खात्यातून व्यवहार करणे सोपे पडते.

देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणाऱ्या, ‘८०-जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीच्या आश्वासनाबाबत सावध असावे. ही करसवलत फक्त तशी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर मिळत नाही, आणि ज्या व्यापाऱ्याने नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्याला तर मिळतच नाही. हे आधीच सांगून टाकावे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीविषयी आपल्याकडे अवास्तव अपेक्षा आढळतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल तिलाच मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करणे बंधनकारक आहे. औद्योगिक वसाहतीतील छोटे कारखाने यात बसत नाहीत. बसणाऱ्या कंपनीलाही केवळ स्वतःच्या कामगारांसाठी चालवलेला वर्ग या निधीत दाखवता येत नाही, म्हणून अशा कंपनीकडे जाताना वस्तीतील सर्वांसाठी खुला असलेला वर्ग घेऊन जावे.

इंग्रजीच्या वर्गाचे स्वरूप

इंग्रजीच्या वर्गात व्याकरणाच्या पुस्तकाने सुरुवात केली की पंधरा दिवसांत निम्मी खोली रिकामी होते. व्यवसायाचा खरा आधार इथेच घ्यावा. औषध दुकानदाराकडून रिकामी खोकी मागवून ‘एक्सपायरी’ आणि ‘बॅच’ कुठे छापलेले असते ते शोधायला लावावे. कारखान्याच्या पर्यवेक्षकाबरोबर बसून यंत्राच्या पडद्यावर येणाऱ्या चाळीस-पन्नास सूचनांची यादी करावी आणि तीच पहिली शब्दावली धरावी. ‘फीड’, ‘ऑफसेट’, ‘इमर्जन्सी स्टॉप’ हे शब्द यंत्रचालकाच्या कानाला सरावाचे असतात, फक्त त्यांचे लेखी रूप डोळ्यांना ओळखीचे करायचे असते. रुग्णालयातील मावशींना खाटेवर लिहिलेले ‘एनबीएम’ म्हणजे तोंडाने काहीही द्यायचे नाही, हे त्या वॉर्डातल्या जुन्या परिचारिकेकडून समजावून दिलेले अधिक पक्के बसते.

गलाईसाठी बाहेर जाणाऱ्या तरुणांचा वर्ग वेगळा ठेवावा. त्यांना दक्षिणेतील शहरांत बँक, जीएसटी आणि भाडेकरार यांची इंग्रजी लागते, आणि बोलण्याचा सराव वाचनापेक्षा अधिक लागतो. या व्यवसायातील जुनी मंडळी गावच्या यात्रेला येतात तेव्हा त्यांच्याकडे पैशाऐवजी दोन संध्याकाळी मागाव्यात. परगावी पहिल्या महिन्यात कुठे अडायला झाले होते हे त्यांनी सांगितले की अभ्यासक्रमाचा आराखडा जवळजवळ तयार होतो.

इंग्रजी शिकवणाऱ्याला मात्र मानधन द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘उल्लास’चे स्वयंसेवक विनामूल्य शिकवतात ते ठीक आहे, पण इंग्रजीचा वर्ग वर्षभर नियमित चालायचा असेल तर शिक्षकाचा वेळ फुकट धरू नये. दोन-तीन व्यवसायांनी मिळून दरमहा हे मानधन वाटून घ्यावे, म्हणजे एकाने हात काढून घेतला तरी वर्ग बंद पडत नाही.

मदतीबरोबर येणाऱ्या अटी

मदत करणाऱ्याने मोबदल्यात काही मागितले तर काय द्यायचे आणि काय नाही, हे आधीच ठरवून ठेवावे. दाराजवळ दुकानाच्या नावाची छोटी पाटी लावायला हरकत नाही. शिकणाऱ्या प्रौढांची छायाचित्रे जाहिरातीत किंवा व्हॉट्सॲपवर देऊ नयेत. पन्नाशीत अक्षरे गिरवणाऱ्या माणसाला ते गावभर कळावे असे वाटेलच असे नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हजेरी आणि चाचणीचे गुण मालकाला दाखवू नयेत. एकदा वर्गातल्या प्रगतीवरून पगारवाढ किंवा कामावरून कमी करणे होऊ लागले की लोक शिकायला न येता परीक्षा द्यायला येतात, आणि ज्यांना सर्वाधिक गरज आहे ते पहिले बाहेर पडतात. मालकाला एकूण संख्या आणि वर्गाचे दिवस एवढेच कळवावे.

तीन महिने संपताच प्रत्येक मदतकर्त्याला अर्ध्या पानाचा हिशेब द्यावा : किती संध्याकाळी वर्ग भरला, सरासरी किती जण आले, किती चष्मे वाटले, काय मोडले आणि कोणी भरून दिले. वर्ग चार दिवस बंद राहिला असेल तर तेही लिहावे. हा कागद टपालाने किंवा मोबाइलवर न पाठवता पेढीवर नेऊन द्यावा आणि पुढील तीन महिन्यांसाठी काय लागणार आहे ते त्याच वेळी, दिवाणजींच्या समक्ष, सांगून यावे.