घोड्याला मसाज गन लावायची असेल तर

जिमला जाणाऱ्या भाच्याची मसाज गन (स्नायूंवर भरभर ठोके देणारं हातातलं यंत्र) एके दिवशी पागेत येते आणि कुणीतरी म्हणतं, ‘‘घोड्याला लावून बघू की!’’ बहुतेक ठिकाणी या यंत्राची सुरुवात अशीच होते. आमच्याकडेही अशीच झाली, आणि पहिल्याच दिवशी भिंतीतली लोखंडी कडी सिमेंटसकट उपटून आली. ते पुढे सांगते.

आधी कोणाला लावायची नाही ते. मशीन थकलेल्या, आखडलेल्या स्नायूसाठी आहे, आजारासाठी नाही. लंगडणारा घोडा, ताप आलेला घोडा (नेहमीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, थर्मामीटर पागेत हवाच), अंगावर सूज, जखम किंवा दाद (नायटा) असलेला घोडा, पोटात कळ आलेला घोडा, गाभण घोडी, यांच्यापासून मशीन लांब ठेवा. आणि रपेटीनंतर पुठ्ठे (मागच्या बाजूचे मोठे स्नायू) दगडासारखे ताठले, घाम थांबेना, पाऊल उचलेना, लघवी कॉफीसारखी काळपट आली, तर ‘जरा चोळून मोकळं करू’ म्हणणाऱ्याला पागेबाहेर काढा. रेसवाले याला टाइंग-अप म्हणतात. यात स्नायू आतून तुटत असतो. घोडा आहे तिथेच उभा ठेवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं, बस.

दुसरं, पाठ पुन्हा पुन्हा त्याच जागी दुखत असेल तर मसाजाच्या आधी खोगीर उलटं करून बघा. खोगिराच्या जागेवर पांढऱ्या केसांचे ठिपके उगवले असतील, तर तिथे फार दिवस दाब पडलाय. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी आहे आणि घोडा दिवसभर माणसं घेऊन चढ-उतार करतो, तिथे खोगिराखालचं घोंगडं नीट घालणं हाच अर्धा इलाज. चुकीचं खोगीर तसंच ठेवून रोज मसाज करणं म्हणजे बुटातला खडा न काढता तळवा चोळत बसणं.

मशीन कोणतंही चालेल, पण ते बॅटरीवरचं, कमी आवाजाचं आणि अगदी हळू वेग असलेलं हवं. जाहिरातीत मिनिटाला ३२०० ठोके म्हणून मिरवतात. तुम्हाला त्यातला सगळ्यात खालचा वेग लागणार आहे, जन्मभर. वायरचं मशीन तबेल्यात आणूच नका. ओली जमीन, लोखंडी नाल आणि पायाखाली वायर! विजेचा धक्का घोड्याला माणसापेक्षा लवकर जिवावर बेततो. फिरत्या गोळ्यांचा मसाजर घरच्यांच्या कंबरेसाठी राहू द्या, त्यात आयाळ गुंतते. मशीनचं डोकं (अंगाला टेकतं ते टोक) मोठं, गोल आणि मऊ बसवा. टोकदार डोकी डब्यातच राहिलेली बरी.

खरारा करून अंग कोरडं आणि स्वच्छ करून घ्या. तेल लावू नका. मोहरीचं तेल चोपडून त्यावर मशीन फिरवणारे महाभाग मी पाहिलेत. डोकं घसरतं, धूळ चिकटते आणि खोगिराखाली त्याचा चिकट थर होतो.

आता खरा अवघड भाग: मशीन पहिल्यांदा अंगाला लावणं. इंटरनेटवर याला एक ओळ मिळते, ‘घोड्याला आवाजाची सवय होऊ द्या’. कशी, ते कुणी सांगत नाही.

आमची घोडी रेसमधून निवृत्त होऊन आलेली, अंगाने सडपातळ, मनाने तारेवरची. मी तिला कडीला आखूड बांधलं, गन चालू केली आणि आवाज ऐकवायला म्हणून खांद्याजवळ नेली. तिने एकच झटका मागे दिला. मोरखी तुटली नाही, दोरी तुटली नाही, भिंत तुटली. कडी हवेतून येऊन माझ्या दंडाला लागली. त्यानंतर तीन आठवडे नुसता दाढीचा ट्रिमर चालू केला तरी ती कोपऱ्यात जाऊन पाठ करून उभी राहायची. तीन आठवडे! एका मिनिटाच्या घाईची ही किंमत.

त्यातून शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे पहिल्या दिवसांत घोडा बांधायचा नाही. दोरी कुणीतरी हातात धरायची, सैल. माणूस नसेल तर दोरी खांबाला एकच वेढा देऊन टोक हातात ठेवा, गाठ मारू नका. घोड्याला भीती वाटली की तो आधी पाय उचलतो, मग विचार करतो. दोन पावलं मागे जाता आली तर तो तिथेच थांबून बघतो. जाता आलं नाही तर लढतो.

दुसरी गोष्ट आमच्या मोतद्दार मामांनी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या मामांनी, शिकवली. त्यांनी गन सगळ्यात हळू वेगावर चालू केली, फडक्यात गुंडाळून रिकाम्या तोबऱ्यात (घोड्याच्या दाण्याच्या पिशवीत) टाकली, तोबरा स्वतःच्या खांद्याला अडकवला आणि शेजारच्या म्हाताऱ्या घोड्याचा खरारा करायला लागले. घोडीकडे बघितलंसुद्धा नाही. ‘‘ताई, तिला काय दाखवायला जाऊ नका, तिचं तिला बघू द्या.’’ पाच मिनिटांनी घोडीचे कान पुढे आले. तिसऱ्या दिवशी मामा तोबऱ्यात गुणगुणणारी गन घेऊन तिला चारा घालत होते. आवाज तुमच्या हातातून तिच्या दिशेने आला की तो हल्ला असतो. तोच आवाज ओळखीच्या माणसाबरोबर इकडेतिकडे फिरत असला की पागेतला आणखी एक आवाज. घोड्याला आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, त्यामुळे तुम्हाला ‘सायलेंट’ वाटणारं मशीन त्याच्यासाठी तसं असेलच असं नाही. घाई करू नका.

आता स्पर्श. इथे माझा एकच नियम आहे आणि तो मी कुणासाठीही वाकवत नाही: पहिल्या चार-पाच बैठकांत मशीन घोड्याला लावायचंच नाही, स्वतःच्या हाताला लावायचं. डावा तळहात घोड्याच्या अंगावर सपाट ठेवा आणि गन तुमच्याच हाताच्या पाठीवर टेकवा. थरथर तुमच्या तळव्यातून घोड्यात जाते. तुमचा हात त्याला ओळखीचा असतो, आणि थरथर किती तीव्र आहे ते तुम्हालाही कळतं. हाडांवर बसणारा तो ठोका स्वतःच्या बोटांच्या सांध्यांवर एकदा अनुभवलात की कणा का टाळायचा हे कुणी सांगावं लागत नाही. शिवाय तळव्याखाली स्नायू आकसला की सैलावला, हे डोळ्यांआधी हाताला समजतं.

सुरुवात मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याच्या जरा खाली, खांद्याच्या मांसल भागावर करा. दोन घोडे मैदानात समोरासमोर उभे राहून एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा. तिथे आधी बोटांनी खाजवा. वरचा ओठ लांबवून वळवळायला लागला की समजा दार उघडलं. मग हात, मग हातावर मशीन. दहा सेकंद. बाजूला घ्या. पुन्हा दहा सेकंद. घोडा सरकायच्या आत तुम्ही थांबायचं. तो सरकल्यावर थांबलात तर तो एवढंच शिकतो की सरकलं की हे जातं.

आणि सगळ्यात वाईट सल्ला: ‘गप्प उभा आहे म्हणजे त्याला आवडतंय’. अजिबात नाही. भीतीने गोठलेला घोडाही गप्पच उभा राहतो. मान वर, डोळा स्थिर, नाकपुडीच्या वर बारीक सुरकुत्या, श्वास रोखलेला, पाठ खाली दबलेली, शेपूट पायांत आवळलेली, हे ‘आवडतंय’ नव्हे. माशी बसावी तशी कातडी एकाच जागी थरथरत राहिली तर वेग किंवा जागा चुकतेय. आवडल्याची लक्षणं वेगळी: मान हळूहळू खाली येते, पापणी जडावते, खालचा ओठ लोंबतो, तोंडात काही नसताना चघळणं सुरू होतं, लांब फुस्स करून श्वास सुटतो. जांभई आली तर त्या जागी आणखी अर्धा मिनिट थांबा. मागच्या एका पायाचं फक्त टोक टेकवून उभा राहणं मात्र दोन्हीकडचं आहे: कान सैल असतील तर विश्रांती, कान मागे चिकटलेले असतील तर लाथेची तयारी. त्या वेळी तुम्ही नेमके पुठ्ठ्याजवळ असाल तर अंगाला अगदी चिकटून उभे राहा, हातभर अंतरावर नको. लाथ सगळ्यात जोरात लागते ती त्या अंतरावर.

हे सगळं जमायला आमच्या घोडीला कडीनंतर दीड महिना लागला. पागेतल्या म्हाताऱ्या घोड्याला दोन दिवस. तुमच्या घोड्याला किती, ते तोच ठरवेल.

पुढचं सोपं आहे. हात काढून घ्या, मशीन थेट टेकवा, दाबू नका, मशीनच्या वजनाएवढाच भार पुरे. केसांच्या दिशेने सावकाश सरकवा. एका जागी अर्धा-एक मिनिट, सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, दोन्ही बाजूंना सारखी.

मानेची मधली मांसल पट्टी घ्या. गळा आणि डोकं नाही. खांद्याला वेळ द्या, कारण घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी लटकलेले असतात आणि शरीराचं निम्म्याहून जास्त वजन त्यांच्यावर पडतं. खांद्याच्या फऱ्याची कड मात्र चुकवा. पाठीवर कण्यापासून चार बोटं दूर राहा. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर, मी मशीन चालवतच नाही, तिथे फक्त हात. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो ती कोपरामागची जागा बहुतेकांची आंबलेली असते, पण तिथे घोडे चावायला वळतात, म्हणून तिथेही आधी हातावर मशीन. पुठ्ठे आणि मांडीचा वरचा भाग मोठा, जाड, तिथे सगळ्यात निवांत काम होतं. गुडघ्याखाली काही नाही. तिथे स्नायूच नसतो, नुसते कंडरांचे दोर आणि हाड. तिथे मशीन लावणाऱ्याने ते स्वतःच्या नडगीवर लावून पाहावं.

वेळ कधीची? काम झाल्यावर आधी दहा-पंधरा मिनिटं पायी फिरवून श्वास खाली आणा, पाणी दाखवा, मग मशीन. शेवटी पुन्हा पाच मिनिटं सैल दोरीवर चालवा. ज्या दिवशी स्पर्धा आहे त्या सकाळी नवीन काही करून बघू नका. आणि मशीन नसलं तर अडत नाही. गवताची जुडी पिळून मूठभर करायची आणि पुठ्ठ्यांवर तालात थोपटत घासायचं, मामा अजून तेच करतात. खरं सांगायचं तर मशीन माझ्या मनगटांना विश्रांती देतं. घोड्याला त्याने जास्त फायदा होतो असं मी म्हणणार नाही.

मशीनचं डोकं दर वेळी साबणाने धुवून वाळवा आणि प्रत्येक घोड्याचं वेगळं ठेवा, वर नाव लिहून. दाद एका घोड्यावरून दुसऱ्यावर जायला असं एक डोकं पुरतं. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून दत्तजयंतीला नवा घोडा आणला असेल, तर त्याला काही आठवडे वेगळाच ठेवा, खरारासुद्धा वेगळा. मशीनचं नाव तोवर काढू नका. त्याला आधी तुमचा हात कळू द्या.